वर्णपटाचा पासंग

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या भागात लहानपणापासून एक गोष्ट ऐकू येते. विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ या नावाने ओळखले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा लॉकियर नावाच्या साहेबाने त्या कट्ट्यांवर दुर्बीण मांडली आणि सूर्यावरचा हेलियम वायू शोधून काढला, अशी ती गोष्ट. शाळेच्या सहलीत मी स्वतः त्या कट्ट्यावर उभी राहिले आहे. जगाला हेलियम आमच्या तालुक्याने दिला, या समजुतीत मी दहावी पास झाले.

महाविद्यालयात इतिहास हा विषय घेतला आणि साधने तपासण्याची सवय लागली. मग कळले की त्या दिवशी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर नव्हतेच, ते इंग्लंडात होते. ग्रहणाचा पट्टा कोकणकिनाऱ्यावरून जमखंडी, गुंटूर असा पूर्वेकडे गेला हे खरे. तेव्हा विजयदुर्गावर त्या दिवशी कुणीच दुर्बीण लावली नव्हती असे मी म्हणत नाही. परंतु लॉकियर नव्हते. खरे सांगते, वाचकहो, मला वाईट वाटले. पण मग हेलियम सापडला तरी कसा, हे शोधू लागले आणि गोष्टीपेक्षा खरी हकीकत अधिक रंगतदार निघाली. या लेखात तीच सांगायची आहे. विषय विज्ञानाचा आहे आणि मी कला शाखेची. चुकभूल द्यावी घ्यावी.

ग्रहणात चंद्राने सूर्य झाकला की कडेला तांबूस ज्वाळा दिसतात. त्या वर्षी प्रथमच अनेकांनी त्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते. जमखंडी संस्थानात, म्हणजे पटवर्धनांच्या मुलखात, लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. त्यांना ज्वाळेच्या वर्णपटात तीन ठळक रेषा दिसल्या : एक तांबडी, एक नारिंगी-पिवळी आणि एक निळी. पिवळी रेषा पाहून त्यांनी काय म्हणावे? सोडियमची रेषा नेमकी तेथेच असते. फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांना अक्षरे दिली, तेव्हा तिला ‘डी’ हे अक्षर मिळाले होते. हर्शेल यांनी अहवालात लिहिले की ही रेषा डी हीच आहे, मात्र आपल्या उपकरणाला जेवढे ठरवता येते तेवढ्यापुरते. हे शेवटचे वाक्य मला फार आवडले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत असे लिहिण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांना होईल?

ती रेषा डी नव्हती. सोडियमच्या दोन रेषा आहेत, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. ज्वाळेतील रेषा होती ५८७.६ वर. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. दीड-दोन नॅनोमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, दोन्ही पिवळ्याच दिसतात. एका नव्या मूलद्रव्याचे असणे-नसणे या एवढ्याशा फरकावर टांगलेले होते. रेषा दिसणे ही एक गोष्ट आणि ती कोठे आहे हे सांगता येणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला आजचे खगोलशास्त्रज्ञ ‘वेव्हलेंग्थ कॅलिब्रेशन’ म्हणतात. मराठीत ‘तरंगलांबीचे अंशशोधन’ असा जड शब्द आहे. मला मात्र तो ऐकला की आमच्या बाबांचा काटा आठवतो.

माझे बाबा एका किराणा दुकानात गेली बावीस वर्षे काट्यावर उभे असतात. पूर्वी तराजू होता. सकाळी दुकान उघडले की ते रिकामी पारडी उचलून बघत. एक बाजू हलकी वाटली की तिला पासंग लावत आणि मगच पहिले गिऱ्हाईक घेत. आता इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे. पडद्यावर लाल आकडे आपोआप उमटतात, पासंगाची गरज नाही. तरीही बाबा रोज सकाळी शिक्का असलेले एक किलोचे लोखंडी वजन त्या काट्यावर ठेवून पाहतात. मालक हसतात. बाबा म्हणतात, आकडा दाखवणे हे त्याचे काम, तो खरा की खोटा हे बघणे माझे.

वर्णपटाचेही तसेच आहे. दुर्बिणीला जोडलेला वर्णपटदर्शक ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवतो आणि कॅमेरा त्याचे चित्र घेतो. त्या चित्रावर तरंगलांबी लिहिलेली नसते. तेथे असतात केवळ पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक चौकोनी कण, डावीकडून उजवीकडे मोजलेले. रेषा १६१९ व्या पिक्सेलवर आहे एवढेच कळते. १६१९ व्या पिक्सेलवर म्हणजे किती नॅनोमीटरवर? ते कळायचे तर ज्याचे ‘वजन’ आधीच ठाऊक आहे असे काहीतरी त्याच काट्यावर ठेवावे लागते.

आमच्याच संस्थेच्या विज्ञान महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे एक सर आहेत. माझी शंका ऐकून त्यांनी उत्तर देण्याऐवजी एक पुठ्ठ्याचे खोके दिले. खोक्याच्या एका बाजूला दाढीच्या पात्याचे दोन अर्धे तुकडे अगदी जवळजवळ चिकटवून केलेली फट. दुसऱ्या बाजूला डीव्हीडीचा सोललेला पारदर्शक तुकडा; त्यावर एका मिलिमीटरात सुमारे १,३५० रेघा असतात आणि त्या प्रकाश फाकवतात. तुकड्यामागे मोबाइलचा कॅमेरा. अशा खोक्याने वर्णपटाचा फोटो मिळतो हे पाहून मी थक्क झाले.

ओळखीचे वजन म्हणून जुना सी.एफ.एल. दिवा घेतला. हल्ली सगळीकडे एलईडी झाले, पण आमच्या माळ्यावर एक सापडला. त्यात पाऱ्याची वाफ असते, आणि पाऱ्याच्या रेषा कोठे असतात हे प्रयोगशाळांनी पक्के मोजून ठेवले आहे : जांभळट निळी ४३५.८ वर, हिरवी ५४६.१ वर. शिवाय दिव्याच्या आतल्या लेपातील युरोपियममुळे ६११.६ जवळ एक ठळक तांबडी रेषा मिळते. तपासायची वस्तू म्हणून स्वयंपाकघरातले मीठ. गॅसच्या निळ्या ज्योतीत मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार धरली की ज्योत पिवळीधमक होते, ते सोडियम. बाबा दारातून बघत होते. म्हणाले, “मिठाचो फोटो कित्याक काढतंस गो?” मी म्हटले, “बाबा, तुमचाच काटा तपासतंय.”

आता संगणकाचे काम. ‘इमेज-जे’ नावाची एक मोफत आज्ञावली आहे. तिच्यात फोटो उघडून वर्णपटावर आडवी पट्टी आखली की प्रत्येक पिक्सेलवर किती उजेड आहे त्याचा आलेख निघतो. रेषा तेथे शिखरांसारख्या उभ्या दिसतात. निळे शिखर १०१२ वर, हिरवे १४३२ वर. दोन बिंदू मिळाले, त्यांतून सरळ रेघ काढली आणि मिठाचे शिखर १६१९ वर होते ते त्या रेघेवर वाचले. उत्तर आले ५९५.२.

मिठाची रेषा ५८९ ऐवजी ५९५ वर! तासभर मी संगणकाला दोष देत बसले. मग सरांनी आलेख मोठा करून दाखवला. हिरव्या भागात एक नव्हे, दोन शिखरे शेजारी-शेजारी होती. डावीकडचे, १४३२ वरचे, दिव्याच्या लेपातील टर्बियमचे, ते ५४२.४ च्या आसपास येते. पाऱ्याचे खरे शिखर त्याच्या उजवीकडे १४४७ वर होते. मी शेजाऱ्याच्या दारावर पाऱ्याच्या नावाची पाटी लावली होती आणि संगणकाने ती निमूटपणे मान्य केली. आज्ञावलीला रेषा ओळखता येत नाहीत. आपण सांगू ते नाव धरून ती पुढचा हिशेब बिनचूक करते. त्यामुळे चूक सुद्धा बिनचूक होते.

पाटी बदलली. ४३५.८ ते १०१२, ५४६.१ ते १४४७, म्हणजे एका पिक्सेलमागे सुमारे पाव नॅनोमीटर. या सरळ रेघेने मिठाची रेषा ५८९.७ वर आली. आनंद झाला. पण तीच रेघ पुढे तांबड्या रेषेपर्यंत नेली तेव्हा ती १७०९ व्या पिक्सेलवर ६१२.५ सांगू लागली, खरी ६११.६. याचे कारण रंगांचे फाकणे सगळीकडे सारखे नसते. प्रकाश कोनात वळतो आणि कॅमेऱ्याचा पडदा सपाट असतो, त्यामुळे एका टोकाला एक पिक्सेल जेवढ्या नॅनोमीटरचा, तेवढा दुसऱ्या टोकाला नसतो. म्हणून सरळ रेघेऐवजी किंचित वाकलेली रेघ, म्हणजे वर्गाचे पद असलेले समीकरण, घ्यावे लागते. कोष्टकाच्या आज्ञावलीत ते दोन कळा दाबून निघते. तिन्ही रेषांमधून जाणारी वाकडी रेघ काढली आणि मीठ आले ५८९.२ वर. आमच्या खोक्याला सोडियमच्या दोन रेषा वेगळ्या दिसत नाहीत. दोहोंची सरासरी ५८९.३. फरक एक दशांश नॅनोमीटरचा.

येथे सरांनी एक गोष्ट बजावली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. त्या वाकड्या रेघेत तीन अज्ञात संख्या आहेत आणि आपल्याजवळ बिंदूही तीनच. मग ती तिन्ही बिंदूंमधून तंतोतंत जाणारच. मी चुकीची नावे दिली असती तरी गेली असती. तंतोतंत जुळणे हा तेथे पुरावाच नव्हे. पुरावा मिठाने दिला, कारण मीठ त्या हिशेबात धरलेले नव्हते.

खऱ्या वेधशाळांत हेच काम कितीतरी पटींनी काटेकोर होते. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. ती बंगळूरजवळच्या होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालवतात. आपल्या पुणे जिल्ह्यात गिरवली येथे ‘आयुका’ संस्थेची तेवढ्याच व्यासाची दुर्बीण आहे. हानलेच्या वर्णपटदर्शकासोबत लोह-आर्गॉन आणि लोह-निऑन यांचे दिवे असतात. या दिव्यांच्या रेषा दोन-तीन नव्हे, डझनांनी असतात. ताऱ्याचे चित्र घेतले की दुर्बीण त्याच रोखात ठेवून दिव्याचे चित्र घेणे चांगले, कारण दुर्बीण कलली की तिला लटकलेले उपकरणही स्वतःच्या भाराने केसभर वाकते आणि रेषा सरकतात. मला हे लगेच पटले. दिवा आणि मीठ यांच्या फोटोंमध्ये एकदा माझ्या हातून मोबाइल हलला होता आणि सगळे पुन्हा करावे लागले होते.

पुढचे काम अनेक वर्षे ‘आयराफ’ या आज्ञावलीने होत आले. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अॅरिझोनातील टूसॉन येथे ती लिहिली जाऊ लागली. तेथील राष्ट्रीय वेधशाळेने तिचा विकास २०१३ च्या सुमारास थांबवला, तरी वापरणाऱ्यांनीच ती पुढे जिवंत ठेवली आहे. नवी मंडळी आता पायथन भाषेत लिहिलेली साधने अधिक वापरतात. सरांनी आयराफ त्यांच्या लॅपटॉपवर दाखवली. ‘आयडेंटिफाय’ अशी आज्ञा दिली की दिव्याचा आलेख समोर येतो. एका शिखरावर खूण नेऊन ‘एम’ कळ दाबायची. आज्ञावली त्या शिखराचा मध्य पिक्सेलच्याही अंशापर्यंत शोधते आणि विचारते, ही तरंगलांबी किती? नकाशाशी ताडून आपण आकडा द्यायचा. अशी चार-पाच शिखरे ओळखून दिली की ‘एफ’ दाबून रेघ बसवायची. मग ‘एल’ दाबले की ती आपल्याजवळच्या यादीतून उरलेल्या रेषा स्वतःच शोधते. म्हणजे ओळख पटवून देण्याचे पहिले काम माणसाचे. ते चुकले तर पुढची तीस नावेही चुकतात.

रेघ बसल्यावर दुसरा आलेख येतो, तो शिलकीचा : प्रत्येक रेषा आपल्या रेघेपासून किती दूर राहिली. एखादा बिंदू फार लांब पडला तर ‘डी’ दाबून वगळता येतो. येथे मोह आहे. न जुळणारे बिंदू वगळत गेले की शिल्लक सुंदर दिसू लागते. किंवा रेघेची वळणे वाढवत न्यायची. वळणे वाढली की ती प्रत्येक बिंदूला शिवते, पण जेथे बिंदू नाहीत तेथे, विशेषतः दोन्ही टोकांना, ती मोकाट सुटते. सरासरी शिल्लक पिक्सेलच्या दशांशाच्या आसपास असावी आणि शिलकीचे ठिपके रेघेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असावेत. त्यांची कमान दिसली तर समजावे की अजून काही बाकी आहे. कोणती रेषा वगळली आणि का वगळली, हे वहीत लिहून ठेवावे, असा सरांचा दंडक आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीला तो नवा नाही.

शेवटी मिठासारखी हिशेबाबाहेरची साक्ष येथेही लागते, आणि ती आकाशच देते. आपल्या वातावरणातील ऑक्सिजन रात्री अगदी मंद हिरवा प्रकाश देत असतो, ५५७.७ नॅनोमीटरवर. तो ताऱ्याच्या चित्रात आपसूक उतरतो. सगळे अंशशोधन झाल्यावर ही रेषा ५५७.७ वरच दिसली तर ठीक, ५५७.९ वर दिसली तर काहीतरी सरकले आहे. याशिवाय काही बारीक हिशेब आहेत. हवेतील तरंगलांबी आणि निर्वातातील तरंगलांबी यांत ५८९ च्या आसपास ०.१६ नॅनोमीटरचा फरक असतो. कोणती यादी वापरली हे विसरले की तेवढी चूक झालीच. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते, त्यामुळे ताऱ्याच्या रेषा वर्षभर थोड्या पुढे-मागे होतात. तेही वजा करावे लागते.

एवढी यातायात कशासाठी? तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. ५८९ च्या रेषेत एका नॅनोमीटरची चूक म्हणजे वेगात सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटरची चूक. १९९५ साली मेयर आणि केलोझ यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह ओळखला, तो ताऱ्याच्या सेकंदाला ५९ मीटर एवढ्या हेलकाव्यावरून. नॅनोमीटरमध्ये सांगायचे तर दहा हजारांत एक भाग! त्यांच्या उपकरणात ताऱ्याच्या प्रकाशासोबतच थोरियम-आर्गॉनच्या दिव्याचा प्रकाश शेजारून जात असे. काटा आणि वजन एकाच क्षणी. २०१९ मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या पाठीमागे तो दिवाही उभा आहे.

आता पुन्हा १८६८ कडे. ज्वाळांच्या तेजस्वी रेषा ग्रहणाशिवायही पाहता येतात, हे जान्सेन यांनी गुंटूरला दुसऱ्याच दिवशी दाखवले. लॉकियर यांना इंग्लंडात २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे तेच साधले. घाई नव्हती, सूर्य रोज समोर होता, आणि सूर्याच्या स्वतःच्या वर्णपटात सोडियमच्या दोन काळ्या रेषा ओळखीच्या खुणांसारख्या उभ्या होत्या. ज्वाळेची पिवळी रेषा त्या दोहोंवरही पडत नव्हती. किंचित हिरव्या बाजूला होती. सोडियमच्या दोघी डी-१ आणि डी-२, म्हणून तिला डी-३ म्हणू लागले. त्याच वर्षी स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी सूर्याच्या रेषांचा तरंगलांबीनुसार नकाशा प्रसिद्ध केला, हाही योगच. पृथ्वीवरच्या कोणत्याही पदार्थात डी-३ सापडेना. सूर्यावरच्या या द्रव्याला लॉकियर यांनी हेलियम म्हटले. पुष्कळांचा विश्वास बसला नाही. १८९५ मध्ये रॅमसे यांना क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून निघालेल्या वायूत एक पिवळी रेषा दिसली. त्यांनी वायू क्रुक्स यांच्याकडे पाठवला आणि क्रुक्स यांनी मोजून सांगितले की तरंगलांबी डी-३ चीच. मग जर्मनीत रुंगे यांना ती रेषा दुहेरी दिसली, आणि सूर्याची तर एकेरी समजली जात होती, पुन्हा शंका. नीट पाहिल्यावर सूर्याचीही दुहेरीच निघाली. सत्तावीस वर्षांचा वाद असा आकड्यांवर मिटला.

हे सगळे मी बाबांना सांगितले. कट्ट्यावर लॉकियर नव्हते, हे त्यांना फारसे रुचले नाही. पण जमखंडीच्या हर्शेलसाहेबांचे वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतले.

सरांनी पुढच्या सत्रात प्रयोगशाळेतील हेलियमची नळी देण्याचे कबूल केले आहे. आमच्या समीकरणानुसार ५८७.६ ची रेषा १६१२ आणि १६१३ या पिक्सेलांच्या मध्ये पडायला हवी. मीठ होते १६१९ वर. म्हणजे जमखंडीला जे जमले नाही ते आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला सहा-सात पिक्सेलांच्या अंतरावर ओळखायचे आहे. तोवर खोके जागचे हललेले असणारच, म्हणून आधी सी.एफ.एल. लावून सगळे आकडे नव्याने घ्यावे लागतील. दिवा मी पुन्हा माळ्यावर टाकलेला नाही.